ब्रिटनमध्ये मताचा हक्क नक्की कुणी मिळवला? १८३२, चार्टिस्ट की सफ्राजेट?

रानवारा

शाळेत इंग्लंडचा इतिहास शिकताना डोक्यात एक साचा बसतो. १२१५ ला मॅग्ना कार्टा, १६८८ ला रक्तहीन क्रांती, मग १८३२, १८६७, १८८४ चे सुधारणा कायदे, शेवटी १९१८ आणि १९२८ ला बायकांना मत. एकेक स्टेशन घेत गाडी लोकशाहीच्या मुक्कामी पोचली. फ्रान्समध्ये डोकी उडाली, इंग्लंडात शहाण्यासुरत्या लोकांनी बसून प्रश्न सोडवला, असा एकूण सूर.

मला हे अजिबात पटत नाही. विशेषतः १८३२ चा कायदा आणि त्यानंतरची चार्टिस्ट चळवळ, म्हणजे कामगारांची मताच्या हक्कासाठीची चळवळ, शेजारी ठेवून पाहिली की हा साचा मोडतो.

१८३२ चं विधेयक संसदेत आलं मार्च १८३१ मध्ये आणि कायदा झाला जून १८३२ मध्ये. म्हणजे सव्वा वर्षात काम फत्ते. चार्टिस्टांनी १८३९, १८४२ आणि १८४८ असे तीन अवाढव्य अर्ज संसदेपुढे नेले. दुसऱ्या अर्जावर तर ३३ लाख सह्या होत्या. तिन्हींना केराची टोपली. मागण्या सहा: प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदाराला मालमत्तेची अट नको, खासदाराला पगार, सारख्या आकाराचे मतदारसंघ आणि दरवर्षी नवी संसद. यातली शेवटची सोडली तर बाकी पाचही आज तिथला कायदा आहेत.

मग जिंकलं कोण? १८३२ ला शहरात वर्षाला १० पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला मत मिळालं, म्हणजे दुकानदार, वकील, गिरणीमालक. त्यांच्या खांद्याला खांदा लावून मोर्चे काढणाऱ्या विणकराला काहीच मिळालं नाही. उलट १८३४ ला याच सुधारलेल्या संसदेने गरिबांचा नवा कायदा करून त्यांना वर्कहाउसची, म्हणजे गरिबांना राबवून घेणाऱ्या आश्रयगृहाची, वाट दाखवली. मी याला फसवणूकच म्हणतो.

प्रश्न असा: लढा जिंकायला काय लागतं? गर्दी, पैसा, धाक, की सत्तेत बसलेल्यांमधली फूट?

निळी_शाई

उत्तम धागा. वाचते आहे.

मास्तर_सातारा

रानवारा, विषय चांगला घेतलात. फसवणूक हा शब्द मात्र मी वापरणार नाही. १८३२ कसं घडलं ते जरा सावकाश बघू.

ऑक्टोबर १८३१ मध्ये उमरावांच्या सभागृहाने विधेयक फेटाळलं. त्या महिन्यात नॉटिंगहॅमला ड्यूक ऑफ न्यूकॅसलचा किल्ला लोकांनी जाळला. ब्रिस्टलमध्ये तीन दिवस दंगल चालली. बिशपचा वाडा जळला, तुरुंग फोडले, क्वीन स्क्वेअरच्या घरांच्या रांगा राख झाल्या. मे १८३२ मध्ये पंतप्रधान ग्रे यांनी राजीनामा दिला आणि राजाने सुधारणेचा कट्टर विरोधक वेलिंग्टन याला सरकार बनवायला सांगितलं. त्यावर फ्रान्सिस प्लेस या शिंप्याने आणि त्याच्या साथीदारांनी भिंतींवर पत्रकं लावली: ड्यूकला रोखायचं असेल तर सोनं मागा. म्हणजे बँकेत जा, नोटा द्या, सोनं घ्या. लोक खरंच गेले. वेलिंग्टनला मंत्रीच मिळेनात. ग्रे परत आले, राजाने गरज पडली तर नवे उमराव नेमायचं कबूल केलं आणि जुने उमराव मुकाट्याने बाजूला झाले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: धाक आणि फूट, दोन्ही एकाच वेळी लागतात. १८३२ ला रस्त्यावर आग होती आणि सत्ताधाऱ्यांमधला अर्धा गट सुधारणेच्या बाजूने होता. १८३९ ला आग होती, पण १८३२ ला आत घेतलेला मध्यमवर्ग आता दाराच्या आतल्या बाजूने उभा होता. चार्टिस्टांच्या मागे बँकेत जाऊन सोनं काढणारे लोक नव्हते.

पायवाट

मास्तर +१

कुणी ओल्ड सारमबद्दल लिहा ना. १८३२ च्या आधी काय परिस्थिती होती ते कळल्याशिवाय लोक एवढे का पेटले ते समजत नाही.

दूरदेशी_संपदा

पायवाट, मी ओल्ड सारम पाहिलंय. सॅलिसबरीपासून अगदी जवळ. एक मोठी गवताळ टेकडी, भोवती खंदक, मधे जुन्या किल्ल्याचे आणि कॅथेड्रलचे पायाचे दगड. मेंढ्या चरतात. वस्ती खाली सॅलिसबरीला सरकून शेकडो वर्षं झालेली, तरी १८३२ पर्यंत या टेकडीचे संसदेत दोन खासदार होते. मतदार शेवटी शेवटी अकरा-बारासुद्धा नव्हते. मतदान शेतातल्या एका एल्म झाडाखाली व्हायचं. त्याच वेळी मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या शहरांना स्वतःचा एकही खासदार नव्हता.

तिथे उभं राहिल्यावर मला जे टोचलं ते वेगळंच. ही जागा विकत घेणारा थॉमस पिट हा हिंदुस्थानच्या व्यापारात गब्बर झालेला माणूस, पुढे मद्रासचा गव्हर्नर. त्याचा नातू थोरला विल्यम पिट १७३५ ला इथूनच पहिल्यांदा संसदेत गेला. मतदारसंघ हा घराण्याच्या मिळकतीचा भाग होता, विहीर किंवा आमराई असावी तसा. आणि तो घ्यायला पैसा कुठून आला ते उघड आहे.

मँचेस्टरची_माई

मँचेस्टरचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी इथे रुग्णालयात काम करते. घरी जाण्याच्या वाटेवर पीटरलूचं स्मारक लागतं.

सोमवार, १६ ऑगस्ट १८१९. सेंट पीटर्स फील्डवर सुमारे ६०,००० माणसं जमली होती. ओल्डहॅम, रॉचडेल, मिडलटन अशा गावांतून लोक रविवारचे ठेवणीतले कपडे घालून, वाजत गाजत, मुलंबाळं घेऊन चालत आले होते. बायकांचे गट पांढऱ्या पोशाखात. मागणी एवढीच की आमच्या शहराला खासदार द्या, आम्हाला मत द्या. बाजूच्या घराच्या खिडकीतून न्यायदंडाधिकारी पाहत होते. त्यांनी वक्ता हेन्री हंट याला पकडायचा हुकूम दिला आणि घोडदळ गर्दीत घातलं. पुढे होते ते स्थानिक येमनरी, म्हणजे गावातलेच दुकानदार आणि गिरणीवाल्यांची पोरं, तलवारींना धार लावून आलेली. १८ जीव गेले, शेकडो जखमी झाले. पहिला बळी विल्यम फिल्ड्स, दोन वर्षांचा. तो सभेतही नव्हता. येमनरीच्या घोड्याच्या धक्क्याने आईच्या हातून रस्त्यात पडला. मेलेल्यांत ओल्डहॅमचा जॉन लीस होता, जो वॉटर्लूला इंग्लंडसाठी लढला होता. स्थानिक वर्तमानपत्राने वॉटर्लूवरून पीटरलू हे नाव पाडलं.

नंतर काय झालं? सरकारने दंडाधिकाऱ्यांचं अभिनंदन केलं, हंटला तुरुंगात टाकलं आणि त्याच वर्षी सभा, वर्तमानपत्रं यांच्यावर सहा जाचक कायदे लादले.

स्मारक झालं ते २०१९ मध्ये, २०० वर्षांनी. गोल पायऱ्यांचा चौथरा आहे, पायऱ्यांवर मेलेल्यांची नावं आणि ते आले त्या गावांची नावं. तेव्हा इथे मोठा वाद झाला, कारण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वर जाताच येत नाही. समान हक्काच्या स्मारकावर सगळ्यांना चढता येत नाही, हे अपंग कार्यकर्त्यांनी ठणकावून सांगितलं. मला तो राग अगदी रास्त वाटला.

तेव्हा मास्तर, नुसती शांत गर्दी पुरत नाही, हे मी इथे रोज पायऱ्यांवर वाचते.

कलम_३९

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, पण धागा एका बाजूला झुकतोय. मी वकील आहे, त्यामुळे कायद्याच्या कागदांची बाजू मांडतो.

मॅग्ना कार्टा सरदारांनी स्वतःसाठी मिळवला, मान्य. पोपने काही आठवड्यांत तो रद्दही ठरवला. पण पुढच्याच वर्षी, मग १२१७ ला, मग १२२५ ला तो पुन्हा जारी झाला, आणि १२२५ चा मजकूर कायद्याच्या पुस्तकात गेला. स्वतंत्र माणसाला कायद्याशिवाय पकडता येणार नाही हे त्यातलं कलम ४०० वर्षांनी राजाविरुद्ध वापरलं गेलं. १६८८ च्या क्रांतीतून आलेल्या १६८९ च्या हक्कांच्या विधेयकात राजाकडे अर्ज करण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि अर्ज केला म्हणून कुणाला पकडणं बेकायदा ठरवलेलं आहे. याच हक्काचा आधार घेत पुढे चार्टिस्ट ३३ लाख सह्या घेऊन संसदेच्या दारात उभे राहू शकले. वरच्यांनी वरच्यांसाठी मिळवलेली गोष्ट खालच्यांच्या हातात पडते आणि तिचा अर्थ बदलतो. त्यामुळे १६८८ ला नुसता सरदारांचा सौदा म्हणून मोडीत काढू नका.

भुईकमळ

कलम_३९, तुम्ही १६८९ वर थांबलात. त्याच्या ४० वर्षं आधी खालच्यांनी स्वतःच कागद लिहिला होता, तो का विसरायचा?

राजा पहिला चार्ल्स कैदेत होता तेव्हा, ऑक्टोबर १६४७ च्या अखेरीस, लंडनजवळ पटनीच्या सेंट मेरी चर्चमध्ये संसदेच्या फौजेतले अधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. शिपाई म्हणत होते, आम्ही राजाविरुद्ध लढलो, रक्त सांडलं, आता देश कसा चालणार ते आम्हीही ठरवणार. कर्नल रेन्सबरो उभा राहून म्हणाला की इंग्लंडातल्या गरिबातल्या गरीब माणसालाही थोरातल्या थोर माणसाइतकंच जगायचं असतं, आणि ज्या सरकारखाली राहायचं त्याला त्याची संमती हवी. त्याच फौजेतला बडा सेनानी क्रॉमवेल याचा जावई आयर्टन याने उत्तर दिलं: ज्याचं या राज्यात कायमचं काही आहे, म्हणजे जमीन किंवा व्यापार, त्यालाच मत.

पुढची २०० वर्षं संसदेत हाच वाद चालला. १८३२ ला १० पौंडांची रेघ ओढली ती आयर्टनची. चार्टिस्ट बोलले ते रेन्सबरोचं.

शेवट काय झाला तेही सांगते. रेन्सबरो १६४८ ला मारला गेला. मे १६४९ मध्ये क्रॉमवेलने बंड केलेल्या शिपायांना बर्फर्डच्या चर्चमध्ये कोंडलं आणि तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. पटनीची चर्चा विल्यम क्लार्क नावाच्या सचिवाने लघुलिपीत टिपून ठेवली होती. ते कागद ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात पडून राहिले आणि १८९१ मध्ये कुठे छापले गेले. म्हणजे चार्टिस्टांनी हा वाद वाचलाच नव्हता. त्यांना तेच शब्द पुन्हा नव्याने शोधावे लागले.

पायवाट

भुईकमळ, ही शेवटची माहिती जबरदस्त आहे. अंगावर काटा आला.

मास्तर_सातारा

भुईकमळताई, सुरेख. एवढंच जोडतो की १३८१ च्या शेतकरी बंडापासून हे सूत्र येतं. डोईपट्टीविरुद्ध वॉट टायलर लंडनवर चालून आला, चौदा वर्षांच्या राजाने सगळं कबूल केलं, टायलरला स्मिथफील्डला मारल्यावर सगळी वचनं मागे घेतली. खालून आलेला लढा जिंकतोय असं वाटलं की वरचे एकत्र येतात. वरचे फुटलेले असतात तेव्हाच फट सापडते.

हसरा_कोकण्या

थोडं हलकं. १८४८ च्या चार्टिस्ट अर्जाची गंमत माहीत आहे का? १० एप्रिलला केनिंग्टनच्या मैदानावर सभा. सरकारने राणीला आईल ऑफ वाइटला हलवलं, हजारो हंगामी शिपाई भरती केले. त्यात पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनसुद्धा दंडुका घेऊन उभा! मोर्च्याला पूल ओलांडू दिला नाही, म्हणून अर्ज बग्गीत घालून संसदेत नेला. ५७ लाख सह्या असल्याचं सांगितलं होतं. कारकुनांनी मोजल्या तर २० लाखांच्या आत, आणि त्यात राणी व्हिक्टोरिया, ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि कुणी 'नकटा' यांच्याही सह्या! संसद पोट धरून हसली.

भुईकमळ

हसरा_कोकण्या, सह्यांची गंमत खरी, पण त्या हसण्याने काय झाकलं गेलं तेही बघा. जवळजवळ २० लाख सह्या ही तेव्हा देशात मत असलेल्या माणसांपेक्षा मोठी संख्या होती. आणि त्याच वर्षी चार्टिस्ट पुढारी विल्यम कफे याला कटाच्या आरोपावरून काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे टास्मानियाला धाडलं. लंडनचा शिंपी, वडील सेंट किट्सचे, गुलामीतून आलेले. साठीला आलेला माणूस. माफी मिळाल्यावरही तो परतला नाही, तिथेच कामगारांसाठी भांडत राहिला आणि १८७० मध्ये वर्कहाउसमध्ये वारला.

अनघा_उवाच

इतके प्रतिसाद झाले आणि बायका अजून सभेतल्या पांढऱ्या पोशाखापुरत्याच? १८३२ च्या कायद्यात मतदार म्हणजे पुरुष असं पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं. सुधारणा म्हणून गौरवलेल्या कायद्याने बायकांसाठी दार अधिकृतपणे बंद केलं. चार्टिस्टांनीही मागणी पुरुषांपुरतीच ठेवली.

१८६६ ला सुमारे १,५०० बायकांच्या सह्यांचा अर्ज एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये घेऊन गेल्या. अर्ज मांडणारे खासदार आणि तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यायला वेळ होता. भेंडोळं लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून त्यांनी ते तिथल्या सफरचंदवालीच्या ठेल्याखाली ठेवायला दिलं. काय आहे ते कळल्यावर तिने स्वतःचीही सही करायचा आग्रह धरला असं सांगतात. पुढच्या वर्षी सुधारणा विधेयकात बायकांनाही घ्या या मिलच्या दुरुस्तीला ७३ मतं मिळाली. त्यानंतर पस्तीसएक वर्षं अर्ज, विधेयकं, आश्वासनं.

म्हणून १९०३ ला एमेलिन पँकहर्स्टने मँचेस्टरला नवी संघटना काढली आणि म्हटलं, आता कृती. याच त्या सफ्राजेट. काचा फोडणं, तुरुंग, उपोषण. १९०९ पासून तुरुंगात बळजबरीने अन्न घालायला लागले. चौघीपाचजणी हातपाय दाबून धरायच्या, पोलादी चाप घालून जबडा उघडायचा, नाकातून किंवा घशातून रबरी नळी पोटापर्यंत सरकवायची आणि वरून फनेलमधून अंडी-दुधाचं मिश्रण ओतायचं.

कॉन्स्टन्स लिटन ही उमरावाची मुलगी. तिने उपोषण केलं तेव्हा हृदय कमकुवत म्हणून तिला सोडून दिलं. तिला ही सवलत आपल्या घराण्याला मिळतेय असा संशय आला. १९१० ला लिव्हरपूलला केस कापून, स्वस्तातला कोट आणि चष्मा घालून, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई बनून तिने अटक करवून घेतली. या वेळी कुणी हृदय नीट तपासलं नाही. आठ वेळा नळी घातली. पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ती कायमची अधू झाली. तेच शरीर, तोच गुन्हा, फक्त नाव गरिबाचं.

आणि ही कुणाची मुलगी? व्हॉइसरॉय लिटनची. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ आणि देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा ज्याच्या काळात झाला, तोच.

निळी_शाई

अनघा, जेन वॉर्टनची गोष्ट माहीत नव्हती. वाचून सुन्न झाले.

एक विचारू? काचा फोडण्याने काम झालं की बिघडलं? मिलिसेंट फॉसेट यांची सनदशीर संघटना सभासदसंख्येने कितीतरी मोठी होती. त्यांचं म्हणणं होतं की दगडफेकीमुळे खासदारांना नाही म्हणायला आयतं निमित्त मिळतं.

अनघा_उवाच

निळी_शाई, माझ्या मते दोघी लागल्या. पँकहर्स्टमुळे प्रश्न टाळता येईना आणि फॉसेटमुळे बोलणी करायला माणूस मिळाला. १९१८ ला मत मिळालं तेही ३० वर्षांवरच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना. एकवीसची अट ठेवली असती तर युद्धानंतर मतदारांत बायका जास्त झाल्या असत्या. दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलेल्या विशीतल्या पोरी बाहेरच राहिल्या. समान मत जुलै १९२८ मध्ये आलं. एमेलिन पँकहर्स्ट जूनमध्ये वारल्या.

गिरगावची_वेणू

आपल्याकडचे धागेही इथे जुळतात. रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंह १९१० च्या 'काळ्या शुक्रवारी' पँकहर्स्टबरोबर संसदेवरच्या मोर्चात होती. १९१९ ला मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या आणि हिंदी बायकांच्या मताधिकारासाठी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. समितीने निर्णय प्रांतांवर ढकलला आणि मुंबई प्रांताने १९२१ ला बायकांना मत दिलं, अर्थात मालमत्तेच्या अटीसह. त्याही आधी दादाभाई १८९२ ला सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले होते.

रेन्सबरो आणि आयर्टनचा वाद वाचताना मला सारखे बाबासाहेब आठवत होते. १९१९ ला साउथबरो समितीपुढे आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे त्यांनी मताधिकाराची बाजू मांडली. सायमनपुढे तर सरळ प्रौढ मताधिकार मागितला. शिक्षण आणि मालमत्तेच्या अटी म्हणजे ज्यांना मताची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच बाहेर ठेवणं.

हिरवे_बेट

डब्लिनहून लिहिते. ब्रिटनचा विषय आयर्लंडशिवाय पुरा होत नाही. १८२९ ला डॅनियल ओकॉनेलच्या चळवळीमुळे कॅथलिकांना संसदेत बसायचा हक्क मिळाला. त्याच वेळी आयर्लंडच्या काउंटींमध्ये मताची अट ४० शिलिंगांवरून थेट १० पौंडांवर नेली. ज्या कुळांनी जमीनदाराला न जुमानता ओकॉनेलला निवडून दिलं होतं, त्यांचीच मतं गेली. रानवारा, फसवणूक शब्द १८३२ पेक्षा इथे जास्त लागू पडतो.

रानवारा

सगळ्यांचे आभार. हिरवे_बेट, तुमचं उदाहरण वाचून मला एक समान गोष्ट दिसते आहे. प्रत्येक कायद्याने काहींना आत घेतलं आणि त्याच दमात उरलेल्यांना एकटं पाडलं. १८२९ ला कुळं, १८३२ ला कामगार आणि बायका, १९१८ ला तरुण बायका. मास्तर म्हणतात ती वरच्यांमधली फूट खरीच, पण वरचेही खालच्यांमध्ये फूट पाडतात. चार्टिस्ट हरले ते यामुळे. आणि त्यांच्या मागण्या टिकल्या त्या याच कारणाने, असं मला वाटतं. बाहेर राहिलेल्यांची संख्या प्रत्येक वेळी मोठीच होती. १८८४ नंतरसुद्धा साधारण ४० टक्के प्रौढ पुरुषांना मत नव्हतं. पहिल्या महायुद्धाला गेलेल्या कितीतरी शिपायांना नव्हतं.

कलम_३९

रानवारा, हे पटलं. एक भर. पुढेही व्यापाराची जागा असलेल्याला आणि विद्यापीठाच्या पदवीधराला दुसरं मत होतं. ते १९४८ च्या कायद्याने गेलं. म्हणजे एका माणसाला एकच मत या तत्त्वावर तिथली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली फेब्रुवारी १९५० मध्ये. आपली पहिली १९५१-५२ ला.

हिरवे_बेट

उत्तर आयर्लंड सोडून, कलम_३९. तिथे नगरपालिकांच्या निवडणुकीत आईबापांच्या घरात राहणाऱ्या प्रौढ मुलांना मत नव्हतं आणि कंपन्यांच्या मालकांना जास्तीची मतं होती. ५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर याच्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी दंडुके चालवले. तो कायदा १९६९ ला बदलला. यावर लिहिण्यासारखं खूप आहे. या आठवड्यात वेगळा धागा काढते.